हँडहेल्डवर ‘होस्ट सापडत नाही’ आलं तर काय तपासायचं? नव्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

सकाळची शिफ्ट सुरू झालेली असते. पिकर (रॅकवरून माल काढून आणणारा) हँडहेल्ड, म्हणजे स्कॅन करायचं हातातलं यंत्र, चार्जरवरून काढतो, अ‍ॅप उघडतो आणि पडद्यावर येतं, ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’. पुढे सर्व्हरचं लांबलचक नाव आणि शेवटी ‘नो अ‍ॅड्रेस असोसिएटेड विथ होस्टनेम’. वायफायची खूण पूर्ण भरलेली, त्याच हँडहेल्डवर गूगल उघडतंय, फक्त कामाचं अ‍ॅप अडलंय. गाडी डॉकला लागलेली असते आणि सगळे तुमच्याकडे बघत असतात.

भिवंडीजवळच्या एका गोदामात मी आधी डिस्पॅच बघायचे. मग पन्नासेक हँडहेल्डची जबाबदारी माझ्याकडे आली. या एररने मला पहिल्या वर्षी फार छळलं, कारण कोणीही काहीही सुचवायचं आणि मी ते सगळं एकदम करून बघायचे. आता माझ्याकडे एक ठरलेला क्रम आहे, तोच इथे देते. मी अँड्रॉइडवर चालणारे हँडहेल्ड धरून लिहिते आहे. डिलिव्हरीच्या, बिलिंगच्या किंवा सर्व्हेच्या अ‍ॅपसाठी साधा अँड्रॉइड फोन वापरत असाल तरी हाच क्रम चालेल.

एररचा अर्थ एवढाच

पिकिंग लिस्टवर मालाचं नाव असून भागत नाही, रॅकचा नंबर लागतो. नेटवर्कचंही तसंच आहे. अ‍ॅपला सर्व्हरचं नाव माहीत असतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला आयपी पत्ता, म्हणजे आकडे लागतात. नाव सांगून आकडे विचारायची जी व्यवस्था आहे ती डीएनएस. हा एरर म्हणजे ‘नाव विचारलं, आकडे मिळाले नाहीत’. सर्व्हर बंद आहे असं तो सांगत नाही, पासवर्ड चुकला असंही सांगत नाही. अ‍ॅप सर्व्हरच्या दारापर्यंत अजून गेलेलंच नाही.

म्हणून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, ‘टाइम आउट’ किंवा सर्टिफिकेटबद्दलचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याबद्दलचा) एरर येत असेल तर बहुतेक वेळा नाव सापडलेलं असतं, अडचण पुढची असते. त्यासाठी हा लेख उपयोगाचा नाही.

हाताशी काय हवं

- एरर आलेला हँडहेल्ड आणि त्याच मॉडेलचा, नीट चालणारा दुसरा हँडहेल्ड. हा दुसरा फार महत्त्वाचा.
- नेट चालू असलेला स्वतःचा मोबाइल, हॉटस्पॉट देण्यासाठी.
- सर्व्हरचं अचूक नाव, आणि सर्व्हर कंपनीच्या आतला असेल तर त्याचा आयपी पत्ता. हे आयटीकडून लेखी घ्या.
- कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे आकडे. हेही लेखी.
- सेटिंग उघडायचा पासवर्ड. बऱ्याच ठिकाणी हँडहेल्डची सेटिंग कुलूपबंद असते.
- वही आणि पेन. काय बदललं, आधी काय होतं आणि किती वाजता बदललं, हे लिहायला.

आणि एक विनंती. फॅक्टरी रीसेट करू नका. न पाठवलेले स्कॅन त्यात कायमचे जातात, आणि बहुतेक वेळा दोष त्या हँडहेल्डमध्ये नसतोच.

१. एररमधलं नाव अक्षर न् अक्षर वाचा

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. एररमध्ये जे नाव दिसतं ते अ‍ॅपने खरोखर विचारलेलं नाव असतं. ते आयटीने दिलेल्या नावाशी ताडून बघा. मी पाहिलेल्या चुका सांगते.

नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिलेली. कीबोर्ड शब्द सुचवतो, आपण त्यावर टिचकी मारतो आणि तो मागे जागा सोडतो. डोळ्यांना दिसत नाही, पण ‘स्टॉक डॉट अमुक डॉट इन’ आणि त्यामागे जागा असलेलं तेच नाव, ही अ‍ॅपच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जा, कर्सर नावाच्या अगदी शेवटी न्या आणि मागे काही उरलंय का बघा.

होस्टच्या रकान्यात ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरप्या रेघांसकट पूर्ण पत्ता चिकटवलेला. रकाना फक्त नाव मागत असेल तर फक्त नावच द्यायचं. एररमध्ये होस्ट म्हणून नुसतं ‘एचटीटीपीएस’ दिसलं तर समजा हेच झालंय. पोर्टचा (सर्व्हरवरच्या नेमक्या दाराचा) आकडाही कधीकधी असाच नावाला चिकटून येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डच्या फाइलमधून कॉपी केलेलं नाव. तिथे साध्या आडव्या रेघेची लांब रेघ झालेली असते. मराठी मजकुराच्या मधून नाव उचललं तर अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्हही सोबत येऊ शकतं. शंका आली की पूर्ण खोडा आणि इंग्रजी कीबोर्डवर हाताने टाइप करा. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांत गफलत होते, तिकडे जास्त लक्ष द्या.

देवनागरीतल्या नावांबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवते. २०१४ पासून ‘.भारत’ने संपणारी देवनागरी नावं घेता येतात. पण डीएनएसकडे विचारताना ती आतल्या आत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलावी लागतात. ब्राउझर ते आपोआप करतो, सगळी अ‍ॅप करत नाहीत. ब्राउझरमध्ये उघडणारं देवनागरी नाव अ‍ॅपमध्ये अडत असेल तर अ‍ॅप बनवणाऱ्याकडून ते सांकेतिक रूप मागून घ्या.

२. एकालाच की सगळ्यांना?

एकाच हँडहेल्डवर एरर असेल तर त्या हँडहेल्डची सेटिंग बघायची (पायरी ४ पासून). एका वायफायवरच्या सगळ्यांना येत असेल तर राउटर किंवा त्याने दिलेले डीएनएसचे आकडे बघायचे. सगळ्या शाखांत, मोबाइल डेटावरही, एकाच वेळी आला तर दोष तुमच्याकडे नाहीच. नावाची नोंद बिघडली आहे किंवा डोमेनचं, म्हणजे विकत घेतलेल्या मूळ नावाचं, वार्षिक नूतनीकरण राहून गेलंय. नूतनीकरणाची आठवण करून देणारा ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात राहतो आणि डोमेन बंद पडतं, असं घडतं. अशा वेळी हँडहेल्डला हात न लावता आयटीला फोन करा.

३. दोन मिनिटांची परीक्षा: पिंग

पिंग म्हणजे एखाद्या नावाला किंवा पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. हँडहेल्डमध्ये नेटवर्क तपासायचं एखादं अ‍ॅप असेल तर त्यातून पिंग करा. नसेल तर केबलने कॉम्प्युटरला जोडून एडीबी शेलमधून (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला आज्ञा द्यायच्या साधनातून) करता येतं. सर्व्हरचं नाव द्या आणि पहिली ओळ बघा.

‘अननोन होस्ट’ आलं तर नाव सापडत नाहीये हे पक्कं. पुढच्या पायऱ्यांकडे चला.

पहिल्या ओळीत नावापुढे आयपी पत्ता आला आणि पुढे काहीच उत्तर नाही, तर डीएनएसने त्याचं काम केलंय. इथे नवा माणूस ‘पिंग फेल झालं, सर्व्हर बंद आहे’ असं म्हणतो. तसं म्हणू नका. कित्येक सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत. आपल्याला एवढंच बघायचं होतं की नावाचे आकडे झाले का. झाले असतील तर ते लिहून घ्या आणि आयटीने दिलेल्या पत्त्याशी ताडा. जुना पत्ता आला असेल तर पायरी ९ बघा.

यानंतर ८.८.८.८ हा पत्ता पिंग करा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. (इथे आकडे मराठीत आहेत, पण हँडहेल्डमध्ये इंग्रजी कीबोर्डचेच आकडे टाका. मराठी अंकांतला पत्ता तिथे चालत नाही.) याचं उत्तर आलं आणि नावाचं आलं नाही, तर नेट आहे आणि नाव शोधण्यातच अडचण आहे. कंपनीने बाहेरचं नेट बंद ठेवलं असेल तर हे उत्तर येणार नाही. मग त्याऐवजी सर्व्हरचा आतला आयपी पत्ता पिंग करा.

ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. क्रोममध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ची स्वतःची वेगळी सेटिंग असते. ती चालू असेल तर क्रोम आपल्या वाटेने नाव शोधतो आणि अ‍ॅप हँडहेल्डच्या वाटेने. क्रोममध्ये उघडतंय म्हणून अ‍ॅपमध्येही उघडायला हवं, असं नाही.

४. हँडहेल्ड नक्की कोणत्या नेटवर्कवर आहे?

वायफायचं नाव वाचा. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर गूगल चालतं, पण कंपनीच्या आतल्या सर्व्हरचं नाव तिथे कोणालाच माहीत नसतं. गोदामात कोणीतरी पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड घालून ठेवतो आणि हँडहेल्ड तो लक्षात ठेवतो. तसं असेल तर ते नेटवर्क ‘फॉरगेट’ करा.

सिमकार्ड असलेल्या हँडहेल्डचा प्रश्न आणखी वेगळा. लोखंडी रॅकच्या शेवटच्या ओळीत वायफाय अशक्त होतं, हँडहेल्ड गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तिथून आतल्या सर्व्हरचं नाव सापडत नाही. पिकर परत ऑफिसजवळ येईपर्यंत वायफाय जोडलेलं असतं आणि एरर गेलेला असतो. ‘जागेवर आलं की चालतं’ अशी तक्रार असेल तर हे आधी तपासा. मोबाइल डेटा बंद करून त्याच ओळीत उभं राहून बघा. तिथे वायफायच नसेल तर खरी गरज आणखी एका अ‍ॅक्सेस पॉइंटची (वायफाय पसरवणाऱ्या डब्याची) आहे, आणि ते वरिष्ठांना स्पष्ट सांगा.

वरच्या पट्टीत किल्लीची खूण दिसते का? म्हणजे व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या नेटवर्कमधून नेणारी खाजगी वाट) चालू आहे. व्हीपीएन आपला डीएनएस सोबत आणतो. कंपनीचा असेल तर तो जोडलेला असायलाच हवा. कोणी फुकटचा व्हीपीएन टाकला असेल तर काढून टाका.

स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर असाल तर आधी लॉगिनचं पान येतं. ते पूर्ण होईपर्यंत अ‍ॅपला नावं सापडत नाहीत, किंवा भलताच पत्ता मिळतो. डिलिव्हरीवाल्यांना हे जास्त भोवतं.

शेवटी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरचा असेल आणि हॉटस्पॉटवर अ‍ॅप चाललं, तर हँडहेल्ड निर्दोष आहे, वायफायकडे बघा. सर्व्हर कंपनीच्या आतला असेल तर ही परीक्षा करू नका, तिथे एरर येणारच.

५. डीएनएसचे आकडे

वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारचं चक्र दाबलं की तपशील दिसतो: आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या हँडहेल्डचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. अर्धी उत्तरं मला इथेच मिळाली आहेत.

आयपी सेटिंग ‘डीएचसीपी’ असेल तर हे आकडे राउटर देतो. ‘स्टॅटिक’ असेल तर कोणीतरी हाताने भरलेले असतात, आणि राउटर बदलला तरी जुनेच राहतात. ‘फक्त याच हँडहेल्डला येतं’ याचं सर्वांत साधं कारण हे. आयटीने मुद्दाम स्टॅटिक ठेवलं नसेल तर डीएचसीपी करा.

आता त्या सापळ्याबद्दल, ज्यात मी आठवडाभर अडकले होते. दिवाळीच्या आधीची गर्दी. हँडहेल्ड कधी चालत, कधी नाही. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोघांपैकी एकावर एरर, दहा मिनिटांनी दुसऱ्यावर. आम्ही बॅटऱ्या बदलल्या, अ‍ॅप काढून परत टाकलं, हँडहेल्ड दुरुस्तीला पाठवले. शेवटी आकडे लिहायला बसले तेव्हा दिसलं की पहिला डीएनएस कंपनीचा होता आणि दुसरा ८.८.८.८. राउटरची देखभाल करणाऱ्या माणसाने ‘राखीव असू दे’ म्हणून तो घातला होता.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण दुसरा डीएनएस हा पहिला पडल्यावरच वापरायचा राखीव खेळाडू नसतो. हँडहेल्ड दोघांपैकी कोणालाही विचारू शकतो. आमच्या आतल्या सर्व्हरचं नाव गूगलला कुठून माहीत असणार? तो प्रामाणिकपणे ‘असं नाव नाही’ म्हणायचा. ‘असं नाव नाही’ हेही पूर्ण उत्तरच असतं, त्यामुळे हँडहेल्ड दुसऱ्याला विचारायला जात नाही. ज्याने कंपनीच्या डीएनएसला विचारलं तो चालला, ज्याने गूगलला विचारलं तो अडला. दुसरा आकडा काढून तिथे कंपनीचाच दुसरा डीएनएस सर्व्हर घातला आणि तक्रारी त्याच दिवशी थांबल्या.

म्हणून ‘डीएनएस ८.८.८.८ कर, सगळं ठीक होतं’ हा सल्ला ऐकण्याआधी सर्व्हर कुठे आहे ते विचारा. सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवर असेल आणि तुमच्या राउटरचा डीएनएस रडत असेल, तर गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ घालून बघायला हरकत नाही. सर्व्हर आतला असेल तर मुळीच नाही. आतलं आणि बाहेरचं कधी मिसळू नका.

राउटरमध्ये आकडे बदलले की हँडहेल्डला ते लगेच कळत नाहीत. प्रत्येकावर वायफाय बंद करून परत चालू करा.

नाव ‘.लोकल’ने संपत असेल तर आणखी एक शक्यता आहे. ती नावं नेहमीच्या डीएनएसने न शोधता जवळच्या यंत्रांना हाक मारून शोधायची पद्धत आहे, आणि जुन्या अँड्रॉइडला ती येत नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालतं पण जुन्या हँडहेल्डवर नाही, असं असेल तर आयटीकडून दुसरं नाव मागा.

६. खाजगी डीएनएस

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून ही सेटिंग आली. सेटिंगमध्ये ‘नेटवर्क आणि इंटरनेट’खाली ‘खाजगी डीएनएस’ मिळेल, इंग्रजी असेल तर ‘प्रायव्हेट डीएनएस’. काही कंपन्या ती ‘कनेक्शन’च्या आत ठेवतात. तिला तीन अवस्था असतात: बंद, आपोआप, आणि पुरवठादाराचं नाव.

‘आपोआप’ निरुपद्रवी आहे. ती आधी कुलूपबंद (मधल्या कोणाला वाचता न येणारी) वाट वापरून बघते, नाही जमलं तर साध्या वाटेने जाते. घात होतो तो तिसऱ्या अवस्थेत. तिथे नाव भरलेलं असेल तर हँडहेल्ड फक्त त्याच सर्व्हरला, पोर्ट ८५३ वरून विचारतो, आणि वायफायने दिलेले पायरी ५ मधले आकडे बाजूला पडतात. कंपनीच्या फायरवॉलने ते पोर्ट बंद ठेवलं असेल तर एकही नाव सापडत नाही. उघडं असेल तर बाहेरची नावं सापडतात आणि आतलं सापडत नाही.

हे नाव भरतं कोण? जाहिराती बंद करायला कोणीतरी व्हिडिओ बघून भरतो. त्यामागे वाईट हेतू नसतो, म्हणून विचारताना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही. कामाच्या हँडहेल्डवर ही सेटिंग ‘आपोआप’ किंवा आयटी सांगेल तशी ठेवा.

७. तारीख आणि वेळ

बॅटरी पूर्ण मेलेला हँडहेल्ड कधीकधी जुन्या तारखेने उठतो. पायरी ६ मधलं नाव भरलेलं असेल तर चुकीच्या तारखेमुळे त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि नाव शोधणं थांबतं. तारीख बघायला पाच सेकंद लागतात, बघून घ्या.

८. पडदा बंद असतानाच एरर येतो?

अ‍ॅपच्या लॉगमध्ये रात्रीचे किंवा जेवणाच्या सुट्टीतले एरर दिसतात, पण हातात घेतलं की सगळं सुरळीत. इथे डीएनएसचा दोष नाही. न वापरता पडून असलेल्या हँडहेल्डची बॅटरी वाचवायला अँड्रॉइड मागे चाललेल्या अ‍ॅपचं नेट अडवतं, आणि अ‍ॅपला ते ‘होस्ट सापडला नाही’ असंच दिसतं. त्या अ‍ॅपच्या माहितीत बॅटरीखाली ‘अनिर्बंध’ निवडा. डेटा सेव्हर चालू असेल तर त्यातूनही ते अ‍ॅप वगळा.

९. सर्व्हर नुकताच हलवला असेल तर

प्रत्येक नावाच्या उत्तराला मुदत असते. ८६,४०० सेकंद लिहिलेले असतील तर चोवीस तासांपर्यंत जुनं उत्तर मधल्या सर्व्हरकडे जपून ठेवलेलं असू शकतं. ‘नाव नाही’ हे उत्तरही असंच जपलं जातं. म्हणून नवं नाव आयटीने ‘झालं’ म्हणण्याआधी तपासू नका. घाईने तपासलंत तर ‘नाही’ हेच उत्तर काही काळ अडकून बसेल. हँडहेल्डमधलं जपलेलं उत्तर घालवायला विमान मोड लावून काढा, किंवा रीस्टार्ट करा. राउटरमधलं असेल तर राउटर बंद-चालू करा, पण शिफ्टच्या मध्ये नको.

काही जण विचारतात, नाव आणि आकडे हँडहेल्डमध्येच लिहून ठेवता येणार नाहीत का? १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्याआधी नेटवर्कवरची सगळी नावं खरोखरच एका फाइलमध्ये असत आणि जो तो ती उतरवून घेई. त्या फाइलचं छोटं रूप अँड्रॉइडमध्ये आजही आहे, पण रूट केल्याशिवाय (अँड्रॉइडची आतली कुलपं तोडून पूर्ण ताबा घेतल्याशिवाय) ते बदलता येत नाही. कामाचा हँडहेल्ड रूट करू नका. अ‍ॅपमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता टाकून एक दिवस निभावता येतं, पण सर्टिफिकेट नावावर काढलेलं असतं, त्यामुळे सुरक्षित जोडणी बहुतेक वेळा तिथे अडते. टाकलाच तर वहीत लिहा आणि नंतर आठवणीने नाव परत घाला.

१०. तरीही नाही जमलं तर आयटीला काय पाठवायचं

‘नेट चालत नाही’ एवढंच पाठवलंत तर उत्तर ‘रीस्टार्ट करा’ असंच येईल. हे पाठवा:

- एररचा फोटो, नाव पूर्ण दिसेल असा, आणि नेमकी वेळ
- हँडहेल्डचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि अ‍ॅपची आवृत्ती
- वायफायचं नाव, आयपी पत्ता, गेटवे आणि डीएनएसचे दोन्ही आकडे
- खाजगी डीएनएसची अवस्था, व्हीपीएन आहे की नाही
- नाव पिंग केल्यावरची पहिली ओळ
- चालणाऱ्या हँडहेल्डचे हेच तपशील
- काय काय बदलून पाहिलं आणि परत पूर्ववत केलं का

दुरुस्ती झाली की एका हँडहेल्डवर बघून ‘झालं’ कळवू नका. वायफाय बंद-चालू करून, ऑफिसजवळ आणि शेवटच्या रॅकपाशी, निदान चार-पाच हँडहेल्डवर स्कॅन करून बघा. न पाठवलेले जुने स्कॅन सर्व्हरवर पोचले का, तेही अ‍ॅपमध्ये तपासा, आणि मगच ते हँडहेल्ड पुढच्या शिफ्टच्या हातात द्या.